पाले-रोयालच्या कमानींखाली

गाऊन म्हटले की आपल्याकडे घरात घालायचा सुती, फुलाफुलांचा झगा डोळ्यांसमोर येतो. सांगलीच्या कापड पेठेतील आमच्या दुकानात त्याचा एक स्वतंत्र कप्पाच आहे. त्यामुळे २०१४ च्या जून महिन्यात, पॅरिसला शिकणारी माझी कन्या जेव्हा म्हणाली, "आई, आज तुला जुन्या गाऊनचे दुकान दाखवते," तेव्हा मला हसू आले. जुने कपडे आपण बोहारणीला देतो आणि बदल्यात स्टीलचे पातेले घेतो. ते विकण्यासाठी कोणी दुकान थाटेल, आणि तेही पॅरिसच्या ऐन मध्यभागी, हे मनाला पटेना.

लूव्र संग्रहालयासमोरचा रस्ता ओलांडला की पाले-रोयाल लागते. सतराव्या शतकात कार्डिनल रिशल्यू यांनी बांधलेला हा वाडा पुढे ऑर्लियाँ घराण्याकडे आला. १७८० च्या दशकात या घराण्यातील ड्यूकने पैशाच्या ओढीपायी बागेच्या तिन्ही बाजूंना कमानींच्या रांगा उभारल्या आणि खालचे गाळे दुकानदारांना भाड्याने दिले. राजघराण्यातला माणूस गाळेमालक झाला, म्हणून त्याची चेष्टाही झाली. राज्यक्रांतीत, १७९३ साली, त्याचा शिरच्छेद झाला. गाळे मात्र आजही उभे आहेत. व्यापाऱ्याच्या घरातील माणसाला ही वास्तू का जवळची वाटते, हे वेगळे सांगायला नको. पुढच्या चौकात दानिएल ब्युरेन यांनी १९८६ मध्ये उभारलेले काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब आहेत. त्यांवर मुले उड्या मारत होती. आतल्या बागेत मात्र झाडांच्या सरळ रांगा, कारंजे आणि शांतता.

मोंपांसिए नावाच्या ओवरीत दिदिए ल्युदो यांचे दुकान होते. १९७५ साली त्यांनी ते सुरू केले. शानेल, दिओर, बालेन्सियागा अशा नामवंत पेढ्यांचे जुने पोशाख शोधायचे, जपायचे आणि विकायचे, हाच त्यांचा आयुष्यभराचा ध्यास. साध्या काळ्या पोशाखावर त्यांचे विशेष प्रेम. त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले आहे. काचेआड असाच एक काळा गाऊन उभा होता. ना जर, ना खडे. केवळ कापडाची पडण आणि शिवण. मी बराच वेळ तिथेच थांबले.

कन्येने समजावून सांगितले. हे पोशाख एकेका गिऱ्हाइकाच्या मापाने, पुन्हा पुन्हा अंगावर घालून पाहत, बहुतांशी हाताने शिवलेले असतात. या प्रकारच्या कामाला जे नाव आहे, त्याला फ्रान्समध्ये १९४५ पासून कायद्याचे संरक्षण आहे. ते कोणालाही वापरता येत नाही. बालेन्सियागा यांनी १९६८ मध्ये आपली पेढी बंद केली. म्हणजे त्यांच्या देखरेखीखालचा नवा माल येणे नाही. आहे तेवढाच जगभर फिरणार. अशा धंद्यात पारख हेच भांडवल. गळ्यापाशी शिवलेली पेढीची पट्टी, आतल्या फितीवरचा क्रमांक, अस्तराची शिवण हे सारे उलटून पाहायचे. आमचे मामंजी साडी नेहमी उलट्या बाजूने पाहत, याची मला तिथे आठवण झाली.

जपणूक तर त्याहून कठीण. १९२० च्या दशकातील मणीकामाचे पोशाख टांगून ठेवता येत नाहीत. मण्यांच्या भाराने तलम कापड फाटते. तिरक्या कापडात बेतलेले गाऊन टांगले तर ओघळून लांब होतात. म्हणून ते आडवे निजवून ठेवावे लागतात. उजेडाने रंग उडतात. शिवाय एकेकाळी रेशमाचे वजन वाढावे म्हणून ते कथिलाच्या क्षारांत भिजवण्याची रीत होती. ते रेशीम पेटीत ठेवल्या जागी चिरत जाते. तराजूत वाढवलेले वजन शंभर वर्षांनी असे वसूल होते.

रेशमाचा विषय निघाला आणि माझे पाय जड झाले. कोश उकळताना होणारा जीवघात मनाला लागल्याने मामंजींनी लग्नानंतर थोड्याच वर्षांत दुकानात रेशीम न ठेवण्याचा नियम घेतला होता. घरातील जुनी रेशमी वस्त्रे ट्रंकेत पडून राहिली. पुढे एका मंदीच्या वर्षी जुनी जर विकत घेणारा दारी आला. आजेसासूबाईंची पैठणी आणि सासूबाईंचा लग्नातला शालू आम्ही त्याला दिला. असे शालू जाळून त्यांतली चांदी काढतात. काट्याजवळ मीच उभी होते, आणि नियमाला धरूनच झाले अशी मनाची समजूतही मीच घातली होती. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "त्यात माझा लग्नाचा दिवस होता गं."

त्या कमानीखाली मला माझी चूक उमगली. नवे रेशीम न विकणे हा संयम होता. जुने जाळण्यात मात्र कोणत्याही जिवावर दया झाली नव्हती; जो घात होऊन गेला होता, त्यातून निर्माण झालेली वस्तूही आम्ही राख केली होती. इथे एक माणूस जुन्या वस्त्राला वस्त्र म्हणूनच मोल देत होता. आम्ही ते चांदीच्या भावाने मोजले होते.

पुढच्याच वर्षी, जुलै २०१५ मध्ये, ल्युदो यांच्या संग्रहातील निवडक पोशाखांचा पॅरिसमध्ये सदबीज या संस्थेने लिलाव केल्याची बातमी कन्येने कळवली. चाळीस वर्षे जिवापाड जपलेले त्यांनी इतरांच्या हाती सोपवले. जपणे आणि सोडणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला साधू शकतात, हे मला विशेष वाटले.

परतल्यावर मी ट्रंक उघडली. तळाशी सासूबाईंची एक साडी उरली होती. वर्षानुवर्षांच्या त्याच घड्यांवर ती विरू लागली होती. जुनी मोड सोडून नवी घडी घातली, धुतलेल्या मलमलीत गुंडाळली. मग कोरी वही घेऊन बसले. कोणाची, कोणत्या साली, कुठून घेतली, कोणत्या प्रसंगी नेसली, हे सासूबाई सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. किमतीच्या रकान्याशी आल्यावर मी थांबले. आज तिचे मोल काय लिहावे?

"काय लिहू?" मी विचारले.

"तेव्हा दिले तेच लिही. वहीत खोटे कशाला?" त्या म्हणाल्या. "एकशे वीस रुपये."