सुट्या भागांचा फोन

वस्तू विकत घेणे आणि वस्तू आपली होणे या दोन गोष्टी एकच, असे आपण धरून चालतो. दुकानदारास दाम मोजले, पावती खिशात घातली, की वस्तूवर आपला हक्क जडला. परंतु जिचे पोट उघडून पाहण्याची मालकाला सोय नाही, आणि जी बिघडली असता गावच्या कारागिराचा हात तिला लागू शकत नाही, ती वस्तू कितपत आपली म्हणावी? पूर्वी हा प्रश्न पडण्याचे फारसे कारण नव्हते. घड्याळ, सायकल, शिवणयंत्र, रेडिओ ही सारी यंत्रेच. पण त्यांचे स्क्रू डोळ्यांना दिसत, आणि दिसणारा स्क्रू म्हणजे मालकाला दिलेले एक प्रकारचे आमंत्रणच असते. हल्लीच्या मोबाइल फोनने हे आमंत्रण मागे घेतले. पुढे काच, मागे काच, मध्ये गोंद. आत शिरण्यास वाट म्हणून नाही. त्यामुळे ‘हा फोन उघडता येतो’ असे सांगत एखादा नवा नमुना बाजारात आला, की एरवी अशा गोष्टींकडे ढुंकून न पाहणाऱ्या माणसांचेही कुतूहल जागे होते.

असा एक नमुना २०२४ च्या जुलैत भारतात विक्रीस आला. ‘नथिंग’ या लंडनच्या कंपनीचा तो ‘सीएमएफ फोन १’. किंमत १५,९९९ रुपयांपासून पुढे. त्याच्या पाठीवरचे स्क्रू उघड्यावर ठेवलेले आहेत. ते काढले की पाठ निघते आणि काळीच्या जागी नारिंगी, निळी अगर फिकी हिरवी पाठ बसवता येते. एका कोपऱ्यात एक गोल चकती आहे. ती फिरवून काढावी आणि तेथे फोन उभा ठेवण्याचा टेकू किंवा गळ्यात अडकवण्याची दोरी जोडावी, अशी योजना.

पुणे-सातारा महामार्गाने खेड-शिवापूर ओलांडून नसरापूरकडे निघाले म्हणजे वाटेत भोर तालुक्यातले शिवरे लागते. तेथे आमचे वडिलार्जित घर आहे. थोरले बंधू शेती पाहतात. मी पुण्यास असतो आणि सणासुदीस जातो. त्या वर्षीच्या दिवाळीत अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतण्याने हा फोन घरी आणला आणि सर्वांसमक्ष त्याची पाठ काढून दुसरी चढवून दाखवली. त्यावर जी मते पडली ती ऐकण्यासारखी होती. वहिनी म्हणाल्या, “फोनाला आता सणाचं लुगडं वेगळं अन् रोजचं वेगळं!” शेजारचे निवृत्त गुरुजी मात्र प्रसन्न झाले. “ज्या वस्तूचा स्क्रू दिसतो ती पोराला जवळ बोलावते,” असे त्यांचे म्हणणे. खोक्यात चार्जर नाही, तो निराळा घ्यावा लागतो, हे ऐकून बंधू म्हणाले, “म्हणजे गाडी विकायची आणि जू वेगळं विकायचं.” पुतण्या आपल्या परीने बाजू मांडत होता: “काका, या किमतीत एवढी चांगली बॅटरी आणि पडदा दुसरीकडे दाखवा.” शेवटी बंधूंनी नारिंगी पाठीकडे दुर्लक्ष करून एकच प्रश्न विचारला: “यातली साठवण बाहेर निघते का?” मेमरी कार्डाची जागा आहे, असे पुतण्याने दाखवताच त्यांनी मान हलवली आणि ते गोठ्याकडे गेले. या प्रश्नामागे एक इतिहास आहे. तो पुढे सांगतो.

आमच्या ओसरीवर जी मतभिन्नता दिसली तीच बाहेर परीक्षकांतही होती. कोणी किमतीची व रूपाची वाखाणणी केली. कोणी आवाज एकाच कर्ण्यातून येतो, फोन टेकवून पैसे देण्याची सोय नाही, अशा उणिवा दाखवल्या. माझ्या मते मुख्य मुद्दा निराळा आहे. पाठ काढली की बॅटरी समोर दिसते. परंतु मालकाने ती काढावी आणि दुसरी बसवावी, अशी तिची रचना नाही. जे बदलता येते ते वस्त्र. जे झिजते, ते अवयव मात्र जागच्या जागी. एका दृष्टीने कंपनीने हे लपवलेले नाही. ‘सीएमएफ’ ही रंग, साहित्य आणि सफाई या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत. नावातच तिने आपल्या आश्वासनाची मर्यादा सांगून टाकली आहे. पण १,४९९ रुपयांची नवी पाठ घेणाऱ्या, म्हणजे फोनाच्या जवळजवळ दहाव्या हिश्शाइतके पैसे रंगासाठी देणाऱ्या गिऱ्हाइकाला, आपण दुरुस्तीची सोय विकत घेतली असे वाटण्याचा संभव असतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच मालिकेतला पुढचा फोन आला, तेव्हा पाठ अशी बदलण्याची सोय त्यात उरली नव्हती. पहिल्याची नारिंगी पाठ पहिल्यापुरतीच राहिली.

सुट्या भागांच्या फोनाची मूळ कल्पना याहून पुष्कळ मोठी होती. २०१३ मध्ये डेव्ह हॅकेन्स नावाच्या डच कल्पकाने ‘फोनब्लॉक्स’ या नावाने ती जगापुढे मांडली: कॅमेरा, बॅटरी, पडदा, स्मृती असे एकेक ठोकळे असावेत, बिघडेल तेवढाच बदलावा, बाकीचा फोन तसाच चालावा. त्याच वर्षी मोटोरोलाने आपला ‘प्रोजेक्ट आरा’ जाहीर केला. पुढे तो गूगलकडे राहिला. आरंभी जवळजवळ सर्वच अवयव सुटे करण्याचा बेत होता. २०१६ च्या मे महिन्यात सुधारलेला नमुना पुढे आला तेव्हा पडदा, बॅटरी आणि मुख्य यंत्रणा या सांगाड्यातच बसवलेल्या होत्या. सुटे राहिले ते कॅमेरा, कर्णा असले उपांगांचे भाग. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सारा प्रकल्पच गुंडाळण्यात आला. अवयवांपासून अलंकारांकडे झालेली ही घसरण आमच्या ओसरीवरच्या फोनापेक्षा आठ वर्षांनी जुनी आहे.

अशा प्रयत्नांस अपयश येते याचा सर्व दोष लोभाला देणे न्याय्य होणार नाही. प्रत्येक सांधा जागा खातो, वजन वाढवतो, किंमत वाढवतो, आणि पाणी व धूळ आत शिरण्यास वाट देतो. हे सुताराइतके कोणाला ठाऊक असणार? खाच पाडली की लाकूड तेवढे दुबळे होते. गिऱ्हाइकालाही पातळ, हलका आणि पावसात टिकणारा फोन हवा असतो; गोंद हा त्या हौसेचाही एक परिणाम आहे. तेव्हा ‘सुटा तो चांगला, चिकटवलेला तो वाईट’ असा सरळ निवाडा देऊन चालणार नाही. विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे: सांधा असेल तर तो कोणाच्या मालकीचा?

२०१६ मध्ये एलजी कंपनीने आपल्या ‘जी ५’ या फोनाचा खालचा भाग ओढून काढता येईल असा केला आणि त्या जागी बसणारी जोडयंत्रे विकली. पुढच्या वर्षीचा फोन पुन्हा बंदिस्त निघाला. जोडयंत्रे निरुपयोगी झाली. मोटोरोलाच्या ‘मोटो झेड’ची पाठीवर चिकटणारी यंत्रे त्या मानाने दीर्घायुषी ठरली, तीही २०१९ नंतरच्या नव्या फोनांस लागू पडली नाहीत. उलट नोकियाच्या साध्या फोनांतली ‘बीएल-५सी’ ही बॅटरी पाहा. तिची लांबी-रुंदी आणि टोके इतकी सर्वपरिचित झाली की तिच्या आकाराच्या बॅटऱ्या अनेकांनी केल्या आणि खिशातल्या रेडिओपासून लहान कर्ण्यांपर्यंत नाना वस्तूंत त्या बसू लागल्या. २००७ च्या ऑगस्टमध्ये त्यांतल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापण्याचा धोका असल्याचे नोकियाने जाहीर केले, तेव्हा मालकांना करावे लागले ते एवढेच: झाकण काढणे, बॅटरीवरचा क्रमांक वाचणे आणि सदोष निघाल्यास ती बदलून घेणे. आयबीएमने १९८१ मध्ये काढलेल्या वैयक्तिक संगणकाचेही तसेच. त्याचे सांधे इतरांस कळण्याजोगे होते. म्हणूनच पुढे गल्लीतल्या दुकानांतून सुटे भाग जोडून संगणक तयार होऊ लागले. एकाच कंपनीच्या मुठीत राहिलेला सांधा त्या कंपनीच्या मर्जीबरोबर संपतो; सर्वांचा झालेला सांधा वस्तू जुनी झाली तरी टिकतो.

हे आमच्या गावास नवे नाही. नांगराचा फाळ, हाळीस, रुमणे. गाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, पाटे, धाव: यांतला प्रत्येक भाग वेगळा निघे आणि वेगळा बदलला जाई. आरा मोडला म्हणून कोणी चाक टाकले नाही, आणि चाक गेले म्हणून गाडी टाकली नाही. यात लाकडाचा गुण होताच; पण त्याहून मोठा भाग होता तो व्यवहाराचा. सुताराला वर्षाचे बलुते ठरलेले असे. सुगीला मिळणारे धान्य औत कितीदा मोडले यावर अवलंबून नसे. औत जितके अधिक टिके तितके त्याला कमी खपावे लागे; म्हणजे टिकाऊपणात कुणब्याचे हित होते तसे सुताराचेही होते. त्या पद्धतीत माणसाला जन्माने एका धंद्याशी आणि एका पायरीशी बांधून टाकण्याचा जाच होता. ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु वस्तू करणारा आणि वस्तू वापरणारा यांचे हित एका बाजूस ठेवण्याची जी युक्ती तीत होती, ती मात्र आपण तिच्याबरोबर गमावली. आजच्या कारखानदाराला दाम मिळतो तो विक्रीच्या दिवशी. त्यानंतर फोन दहा वर्षे चालला तर त्याचे त्यात काय जाते, असे विचारू नये. पुढची विक्री जाते.

आता बंधूंच्या प्रश्नामागचा इतिहास. २०२३ च्या पावसाळ्यात त्यांच्या फोनाची बॅटरी फुगली आणि पाठ उचलली गेली. तो कोणत्या कंपनीचा हे सांगण्यात अर्थ नाही. बहुतेक सर्वच फोन आतून तसेच असतात. दुधाचा हिशेब, बँकेचे निरोप, सातबारा, सारे त्याच फोनावर. पुण्यात अधिकृत दुरुस्तीच्या जागी सांगण्यात आले, की उघडताना पडदा फुटण्याचा संभव आहे, खर्च नव्या फोनाच्या जवळपास जाईल, आणि आतली माहिती राहील याची हमी नाही. नवा फोन घेणे बंधूंना अशक्य नव्हते. परंतु त्यात आईचा आवाज होता. शेवटच्या वर्षी ती अंथरुणाला खिळली असता जात्यावरच्या ज्या ओव्या तिला आठवत, त्या वहिनींनी तिच्याकडून म्हणवून घेऊन साठवल्या होत्या. त्या फोनात कार्डाला जागाच नव्हती; साठवण मुख्य पाटीवर डाग देऊन पक्की केलेली. आमच्या आईच्या ओव्या आमच्या घरात होत्या आणि आमच्या हातात नव्हत्या.

नसरापुरात एक तरुण फोनदुरुस्ती करतो. त्याने गरम हवेने गोंद सैल केला, प्लॅस्टिकची पातळ पट्टी कडेने हळूहळू फिरवली, फुगलेली बॅटरी जपून काढली आणि दुसरी बसवली. दोन तास लागले, बाराशे रुपये पडले, पडद्याच्या कोपऱ्याला एक बारीक तडा गेला. फोन सुरू झाला आणि बंधूंनी पहिल्याने ओव्या दोन ठिकाणी उतरवून घेतल्या. करणाराने जेथे सांधा ठेवलाच नव्हता, तेथे त्या मुलाने तो निर्माण केला.

सर्वांनीच अशा मुलाच्या कसबावर आणि नशिबावर विसंबावे, हे मात्र योग्य नव्हे. सुदैवाने कायद्याचे लक्ष इकडे वळू लागले आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार फोनाची विक्री थांबल्यावरही महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. १८ फेब्रुवारी २०२७ हा दिवस तेथे बॅटऱ्यांसाठी ठरलेला आहे. काही अपवाद सोडता, वापरणाऱ्याला स्वतः बदलता येईल अशीच बॅटरी उपकरणात असावी, असा तो दंडक. ॲमस्टरडॅमच्या फेअरफोन कंपनीने २०१५ पासूनच सुटे अवयव असलेले फोन विकून हे अशक्य नाही, हे दाखवले आहे. ते सर्वांत पातळ नाहीत आणि स्वस्त तर नाहीतच. पण त्यांची बॅटरी मालकाला स्वतः बदलता येते. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, आणि फोन किती सहज दुरुस्त होतो याचा अंक गिऱ्हाइकाला दिसावा, अशा योजनेचा अहवाल २०२५ च्या मे महिन्यात त्या विभागाकडे आला. अहवाल म्हणजे हक्क नव्हे, हे खरे. तथापि विजेचा पंखा घेताना त्यावरचे तारे मोजण्याची सवय आपल्याला लागली, तशी हीही लागू शकेल.

तोवर खरेदीच्या वेळी गिऱ्हाइकाने दुकानात उभ्या उभ्या विचारावे: यातले जे प्रथम झिजणार, ते बदलता येईल का? बदली भाग किती वर्षे मिळेल? आणि तो कंपनीखेरीज आणखी कोणी बसवू शकेल का? पुतण्याच्या फोनाला या तिन्ही प्रश्नांत पुरते गुण मिळत नाहीत. तरी गुरुजींचा मुद्दा मला सोडवत नाही. स्क्रू डोळ्यांना दिसला, त्यामुळे त्या मुलाच्या मनात आतल्या बॅटरीविषयी ‘ही का निघत नाही?’ हा प्रश्न उभा राहिला. गोंदाने बंद केलेल्या फोनाने तो कधीच उभा केला नसता. अलीकडे सुटीच्या दिवशी तो नसरापूरच्या त्या दुकानात जाऊन बसतो. तेथे एका औषधाच्या रिकाम्या डबीत निकामी फोनांचे तिळाएवढे स्क्रू जपून ठेवलेले आहेत. कोणता कोठे लागतो, हे तो सध्या शिकत आहे.