माझी नळी

गोमंतकात मासे पाळणे हा वेडेपणाच समजला जातो. ज्या घरात दुपारच्या ताटात ‘नुस्तें’ नसेल तर जेवल्यासारखे वाटत नाही, त्याच घरात काचेच्या पेटीत मासे ठेवून त्यांनाच वेळेवर खाऊ घालायचे, हे पटणार कुणाला? मडगावच्या आमच्या घरी पेटी आली त्या दिवशी आईने तिच्याकडे एकवार पाहिले आणि विचारले, “हें नुस्तें पोसपाक काय रांदपाक?”

पेटी मूळची माझी नव्हे. माझ्या वर्गातील एका मुलाची ती. त्याचे बिऱ्हाड लहान जागेत हलले आणि पेटीला तेथे ठाव उरला नाही. “बाई, तुम्ही सांभाळाल का? मी दर रविवारी येऊन पाहीन,” असे म्हणून त्याने आपले चार गोल्डफिश माझ्या स्वाधीन केले. मी भाषा शिकविणारी. माशांविषयी माझे ज्ञान ताटापुरतेच होते. पण मुलाचा शब्द मोडवेना.

मासे पाळणे म्हणजे खरोखर पाणी पाळणे होय, हे मला पुढे उमगले. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया निर्माण होतो. पेटीत वाढणारे सूक्ष्म जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट बनवितात. पहिली दोन द्रव्ये माशांना घातक; तिसरे त्या मानाने सौम्य, पण तेही साचत जाते. म्हणून आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी काढून तितकेच ताजे घालावे लागते. आमची पेटी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच. म्हणजे सुमारे १२७ लिटरांची. काठोकाठ भरत नाही म्हणून १२० धरा. काढायचे ३० लिटर, घालायचे ३० लिटर. दोन बादल्या बाहेर, दोन आत! रात्री न्हाणीघरात भरून ठेवलेल्या बादल्या रविवारी सकाळी उचलताना माझी कंबर कुरकुरू लागली.

बाजारात यासाठी तयार नळी मिळते. तिचे एक टोक नळाला बसवायचे, दुसरे पेटीत सोडायचे. नळ सोडला की त्याच्या जोरदार धारेने पेटीतील पाणी ओढले जाते. अरुंद वाटेतून पाणी वेगाने गेले की तेथील दाब घटतो, हे व्हेन्चुरी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ साली मांडलेले तत्त्व येथे कामी येते. कळ फिरविली की त्याच नळीतून नळाचे पाणी पेटीत येते. युक्ती नामी, पण किंमत ऐकून मी दुकानाची पायरी उतरले. शिवाय घाण पाणी ओढण्यासाठी चांगले पाणी मोरीत सोडून द्यायचे, हे विहिरीवर वाढलेल्या माझ्या मनाला रुचेना. मी ठरविले, नळी आपणच घडवायची.

हार्डवेअरच्या दुकानातून दहा मीटर पारदर्शक नळी, एक व्हॉल्व्ह, क्लिपा आणि टेफ्लॉन टेप घेतली. दुकानदाराने विचारले, “टीचर, हें सगळें कित्याक?” मी गूढपणे हसले. घरी येऊन पाण्याच्या बाटलीचे बूड कापले आणि तिचे तोंड नळीत घट्ट बसविले. बाटली रुंद असल्यामुळे तिच्यात पाण्याचा वेग मंदावतो; तळाचे खडे वर उचलले जाऊन पुन्हा खाली पडतात आणि हलका मळ तेवढा वाहून जातो. नळीचे दुसरे टोक खिडकीतून परसात सोडले. ते पेटीतील पाण्याच्या पातळीखाली असले, आणि नळी एकदा पाण्याने भरली, की धार आपोआप चालू राहते; वेगळा जोर लावावा लागत नाही. मळके पाणी परसातील अळवाला मिळू लागले. नायट्रेट हे झाडांचे खतच, त्यामुळे अळू तरारला.

नळाकडील जोड मात्र मी सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने केला. तो पहिल्याच दिवशी निसटला आणि मला नखशिखांत स्नान घडले. आई पदराआड हसली. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने पितळी जोड विकत आणला. तरीही एकूण खर्च तयार नळीच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच झाला. माझ्या अभिमानाला सीमा राहिली नाही.

आणि त्याच अभिमानाने घात केला.

पुढल्या शनिवारी सायंकाळी मी नळी लावली. काम इतके सोपे झाले होते, की चौथ्या हिश्शाऐवजी निम्मे पाणी काढले आणि नळ सोडून पेटी थेट भरली. अर्ध्या तासात मासे वर येऊन तोंडे वासू लागले. मी घाबरले. न्हाणीघरातील पिंपात आदल्या दिवशीचे पाणी होते. त्यात मासे हलविले. तीन जगले. चौथा, मुलाच्या सर्वात लाडका, पहाटे गेला.

नळाच्या पाण्यात जंतुनाशासाठी क्लोरीन घातलेले असते. ते आपल्याला सोसते. माशांच्या कल्ल्यांना सोसत नाही. मग इतके दिवस मासे कसे जगले? माझ्या बादल्या रात्रभर उघड्या राहत आणि तेवढ्यात बराचसा क्लोरीन उडून जाई! जे मी केवळ ओझे समजत होते, त्यात माशांचे रक्षण दडलेले होते. नळीने ओझे काढले आणि त्याबरोबर ती एक रात्रही काढून टाकली. विकतची नळी आणली असती तरी हेच घडले असते, अशी मी मनाची समजूत घालू पाहत होते. पण ती नळी कुणा दुसऱ्याने घडविली असती. ही मी घडविली होती.

तो रविवारच होता. मुलगा दारात उभा राहिला. “म्हातारा झाला होता,” असे सांगून सुटता आले असते; ते वाक्य माझ्या ओठांवर आलेही होते. पण वर्गात ज्या तोंडाने मी त्याला खरे बोलायला सांगते, त्याच तोंडाने ते बोलवेना. जे घडले ते सगळे सांगितले. तो बराच वेळ पेटीजवळ बसला. मग नळी हातात घेऊन, तिचा एकेक जोड चाचपून म्हणाला, “बाई, नळी चांगली आहे. पाणी थांबवायला हवं होतं.”

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून ती बदलली. आता नळाची नळी पेटीत जात नाही. ती न्हाणीघरावरील माळ्यावर ठेवलेल्या उघड्या पिंपात जाते. पिंपाला खाली तोटी आहे. शनिवारी सायंकाळी पिंप भरायचे, रविवारी सायंकाळी तोटी सोडायची. माळा पेटीहून उंच असल्याने पाणी आपल्याच वजनाने उतरते. घाईची वेळ आलीच तर सोडियम थायोसल्फेटचे थेंब जवळ असतात. त्याने क्लोरीन लगेच निष्प्रभ होतो.

आता कुणी विचारले, की नळी घडवावी की विकत घ्यावी, तर मी एकच उत्तर देत नाही. ज्याच्या घरी उताराला खिडकी वा परस नाही, त्याने खुशाल विकत घ्यावी. नळाचा जोड आणि व्हॉल्व्ह तर सर्वांनीच विकत घ्यावेत. त्यात काटकसर करणाऱ्याला माझ्यासारखे स्नान घडते. पण स्वतः घडविलेल्या वस्तूचा एक गुण मी अनुभवला आहे. ती चुकली तर कुठे चुकली ते आपल्याला समजते, आणि ती सोडवून पुन्हा जोडता येते.

विद्यार्थिमित्रांनो, तो मुलगा अजूनही रविवारी येतो. तीन मासे त्याला ओळखतात, असे त्याचे म्हणणे आहे. तोटी सोडण्याचा मान त्याचा. आणि ती सोडण्यापूर्वी तो दर वेळी मला न चुकता विचारतो, “बाई, पाणी कालचंच ना?”