परडी सोडल्यानंतरचं कोरं पान

धामापूरच्या तलावाची गोष्ट मालवण तालुक्यात लहानपणीच कानावर पडते. १५३० साली बांधलेल्या या तलावाकाठी भगवतीचं देऊळ आहे. घरात लग्न ठरलं की फुलांचे दागिने परडीत घालून पाण्यात सोडायचे, देवी तसेच सोन्याचे वर पाठवायची, कार्य उरकलं की ते परत करायचे, असं सांगतात. पुढे कुणीतरी ते परत केले नाहीत आणि देवीचं देणं थांबलं. कुमारांसाठी मी सध्या जी काव्यकादंबरी लिहितेय, ती या ‘कुणीतरी’च्या घरातल्या चौदा वर्षांच्या मुलीची आहे.

गद्यात तिची लाज, तिचा राग, आईवरचा संशय असं सगळं उलगडत बसावं लागलं असतं. त्या वयात कुणी मनातलं उलगडून सांगत नाही. एखादं वाक्य टाकतात आणि खोलीचं दार लावून घेतात. म्हणून परडीचा प्रसंग मी एवढाच ठेवला:

परडी सोडली.
आई म्हणाली, आता मागे सरक.
मी सरकले नाही.

खाली पान कोरं. ती का सरकली नाही, याचं कारण वाचणारी मुलगी आपल्याजवळचं घालते. शेवटच्या ओळीआधी नुसता ‘पण’ आला असता तरी ती जागा बुजली असती. ओळ कुठे तोडायची आणि कुठे गप्प राहायचं, यातच माझा बराचसा वेळ जातो.

कॅरन हेस यांच्या ‘आउट ऑफ द डस्ट’ (१९९७) या काव्यकादंबरीत ओक्लाहोमाच्या धुळीच्या वादळांत वाढणारी बिली जो तारखा घालून कविता लिहिते. आईच्या मृत्यूचं दुःख तिथे पियानोपासून दुरावलेल्या, भाजलेल्या हातांतून कळतं. एलिझाबेथ असेवेदो यांच्या ‘द पोएट एक्स’ला २०१८चा अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. त्यातली मुलगी घरात जे बोलता येत नाही ते वहीत लिहिते.

कवितेतून गोष्ट सांगणं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. श्रीधरांचा ‘हरिविजय’ घरोघर वाचला जायचा, तो ओव्यांतच. १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ झालं, त्याची घडण तर मला फार जवळची वाटते. एका गाण्यात एक पात्र, एक प्रसंग. आणि दोन गाण्यांमधला आठवडा ऐकणाऱ्याचा. माडगूळकरांनी सगळं रामायण असं छप्पन्न गीतांत बसवलं.

मात्र गद्याचे तुकडे एकाखाली एक मांडले म्हणजे काव्यकादंबरी होत नाही. ओळ मोठ्यानं म्हणून बघावी लागते. दशावतार बघत वाढलेल्या आमच्याकडच्या पोरांचे कान तिखट असतात. दशावतारी नट लिहिलेल्या संहितेशिवाय उभ्या उभ्या बोलतो, त्यामुळे बोलण्याचा ठेका चुकला की ती लगेच चुळबुळतात. माझा खर्डा मी त्यांनाच आधी वाचून दाखवते.

आठवी-नववीच्या शिक्षकांना एक विनंती आहे. अशी एखादी कादंबरी वर्गात रोज दोन-तीन पानं मोठ्यानं वाचा, आणि त्यावर रसग्रहणाचा प्रश्न काढू नका.