एकास सत्त्याऐंशी

मॉडेल रेल्वेच्या छंदात रूळ, इंजिन, डबे हे सगळं नंतर येतं. आधी ठरवायचं असतं ते प्रमाण. मी एचओ घेतलं, म्हणजे १:८७. खऱ्या जगातले ८७ मिलिमीटर माझ्या टेबलावर एक मिलिमीटर होतात. साडेपाच फुटांचा माणूस सव्वाएकोणीस मिलिमीटरचा. टपरीवरचा चहाचा ग्लास जेमतेम एक मिलिमीटरचा.

प्रमाण ठरलं की पहिली अडचण रुळांची. जगभर एचओचे तयार रूळ मिळतात त्यांच्यातलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजसाठी बनवलेले आहेत. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. भागून बघा, १९ मिलिमीटरपेक्षा थोडं जास्तच यायला हवं. म्हणजे तयार रुळांवर भारतीय ब्रॉडगेज मांडलं तर ते पावणेतीन मिलिमीटरने अरुंद होतं. आपल्याकडचे बरेच छांदिष्ट ही गोष्ट मुकाट गिळतात. पण नॅरोगेज ७६२ मिलिमीटरचं. त्याला ८७ ने भागलं की ८.७६ येतात, आणि बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही.

थोडक्यात, या प्रमाणात मोठी लाइन खोटी ठरते आणि छोटी लाइन जवळजवळ खरी. मला छोटीच हवी होती.

ती छोटी लाइन म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही कल्पना. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला तुकडा सुरू झाला. कॅलथ्रॉपचं म्हणणं असं होतं, की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात आणि कापसाच्या, धान्याच्या मुलखात कमी खर्चात रेल्वे नेता येते. त्यामुळे त्याची इंजिनं भरपूर चाकांची असायची, वजन वाटून घेणारी. १९०६ मध्ये ही लाइन पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. या शतकाच्या पहिल्या दशकात आणि त्याच्या आगेमागे टप्प्याटप्प्याने तिचं ब्रॉडगेज झालं. कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडमध्ये याच मापाची आणखी एक लाइन उभी केली आणि नंतर तो चक्क पॅराशूट बनवण्याकडे वळला. पण ती गोष्ट वेगळी.

कुर्डुवाडीत दोन मापांच्या रेल्वे शेजारी शेजारी उभ्या राहायच्या. मोठी मुंबई-सोलापूरची आणि छोटी ही. एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर जाऊ शकत नव्हता. पोतं लातूरहून निघालं की कुर्डुवाडीत एका वाघिणीतून उतरायचं आणि दुसऱ्या वाघिणीत चढायचं. मधलं अंतर माणसाच्या पाठीवर. ती पाठ माझ्या आजोबांची होती, आईच्या वडिलांची. ते तिथे हमाल होते.

मी पुण्यात एका डेंटल लॅबमध्ये काम करते. दिवसभर मेणात दात कोरायचे, साच्यात ओतायचे, घासायचे, रंग जुळवायचे. त्यामुळे बारीक कामाची भीती नव्हती आणि हत्यारं तर हातातलीच होती. जागा मात्र टू-बीएचकेमधली. आख्खं कुर्डुवाडी यार्ड १:८७ मध्ये करायचं तर हॉल कमी पडेल. मी फक्त नॅरोगेज शेडचा कोपरा घेतला: बोर्ड १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद. खऱ्या मापात साधारण १०४ मीटर बाय ३९. पलंगाखाली सरकतो.

बारा मिलिमीटरचं प्लायवूड, खालून लाकडी पट्ट्यांची चौकट, वर कॉर्कचा पातळ थर, त्यावर रूळ. रुळांखाली खडी म्हणून मुरूम हवा होता, तो मामाने कुर्डुवाडीहूनच पिशवी भरून आणला. तो कुटला, चहाच्या गाळणीतून चाळला, मग जुन्या ओढणीतून चाळला. त्यानंतर एक काम विसरून चालत नाही: सगळ्या मातीवरून लोहचुंबक फिरवायचा. आपल्या काळ्या दगडाच्या मातीत लोखंडाचे बारीक कण असतात. ते इंजिनाच्या मोटरमध्ये खेचले गेले तर मोटर गेलीच म्हणून समजा. दोन मुठी मातीतून चिमूटभर काळी मिशी चुंबकाला चिकटून आली. मग मुरूम पसरायचा, पाणी घालून पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, म्हणजे तो कणाकणात शिरतो, आणि ड्रॉपरने थेंब थेंब सोडत बसायचं. एका रात्रीत वीतभर रूळ होतो.

शेडचे पत्रे ॲल्युमिनियम फॉइलचे, बारीक कंगव्याच्या दातांवर दाबून नाळ्या काढलेले. बाभळी वाळलेल्या गवताच्या मुळांच्या. त्या काळातलं इंजिन तयार मिळत नाही, त्यामुळे जपानी एन गेजच्या इंजिनाचा सांगाडा घ्यायचा आणि वरचं शरीर प्लॅस्टिकच्या शीटमधून आपण उभं करायचं. धुराड्यावर काजळी हवी, तर ती समईवर वाटी धरून खरीच काढली.

इथपर्यंत सगळं हाताचं काम होतं. तपशिलाचं काम त्यानंतर सुरू झालं.

तपशील भरायला लागलं की कळतं, आपण 'जुनं कुर्डुवाडी' असं काही बनवू शकत नाही. एक दिवस ठरवावा लागतो. वाघिणींवर अक्षरं कुठल्या रेल्वेची लिहायची? सोलापूर विभाग २ ऑक्टोबर १९६६ ला मध्य रेल्वेतून नव्या दक्षिण मध्य रेल्वेत गेला आणि १९७७ मध्ये परत आला. म्हणजे साल चुकलं की अक्षरं चुकली. मला आईच्या लहानपणचं शेड हवं होतं. ते साल कोणतं, हे आईला विचारलं.

"आषाढीची गर्दी होती एवढं आठवतंय. चौथीत होते."

"चौथीत म्हणजे कधी?"

"कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पाचवीत होते. आता तूच कर हिशोब."

भूकंप डिसेंबर १९६७ चा. तेव्हा पाचवी, म्हणजे चौथी जून १९६६ ला सुरू झाली. त्या वर्षीची आषाढी, दक्षिण मध्य व्हायच्या आधी. अक्षरं मध्य रेल्वेची.

पुढची माहिती मामाकडून मिळाली. त्याला सगळं पाठ: सिग्नलचा खांब कुठे, पाण्याची टाकी किती उंच, वारीच्या दिवसांत डब्यांच्या टपावर माणसं कशी बसायची, कुठल्या ड्रायव्हरची शिट्टी लांबून ओळखू यायची. तो फोनवर तासभर बोलायचा आणि मी चित्रं काढत जायची. आई तेव्हा स्वयंपाकघरात असायची. तिला कुणी विचारत नव्हतं आणि ती सांगत नव्हती.

मामाच्या सांगण्यावरून मी राखेचा खड्डाही केला. फेरी संपवून इंजिन शेडला आलं की त्याची आग साफ करतात. जळून गेलेली राख, अर्धवट जळलेले कोळसे, वितळून थिजलेले गोळे, सगळं रुळांमधल्या लांबट खड्ड्यात पाडतात, वर पाणी मारतात, मग फावड्याने उपसून शेजारी ढीग लावतात. मी प्लायवूड कापून आठ सेंटिमीटरचा खड्डा केला, लॅबमधल्या डेंटल स्टोनने त्याच्या भिंती ओतल्या, विटांच्या रेघा मारल्या.

आई चहा घेऊन आली आणि तिथेच थांबली. बराच वेळ बघत होती.

"हा रिकामा कसा?"

"राख टाकायची आहे अजून."

"राख नाही गं. माणसं."

मग हळूहळू, दोन-तीन संध्याकाळी मिळून, तिने सांगितलं. पहाटे खड्डा उपसला की शेडमागच्या वस्तीतल्या बायका आणि मुली पाट्या घेऊन तिथे जायच्या. ढिगातून अर्धवट जळलेला कोळसा वेचायचा. हातात घेऊन बघायचं. हलका, भोकं पडलेला असेल तर ठेवायचा, तो पुन्हा पेटतो. जड आणि काचेसारखा चकाकणारा फेकायचा, त्यात काही उरलेलं नसतं. घरच्या शेगडीपुरता ठेवून बाकीचा हॉटेलवाल्याला आणि इस्त्रीवाल्याला विकायचा. काही खलाशी डोळेझाक करायचे. एखादा चौकीदार काठी घेऊन यायचा. सात वाजता घरी, हातपाय घासून धुवायचे आणि शाळा. शाळेत रेल्वे क्वार्टरमधल्या मुली होत्या. त्यांना कळू नये म्हणून ती नखं दातांनी कुरतडून काढायची.

आम्हा भावंडांना तिने आयुष्यभर एवढंच सांगितलं होतं, की आम्ही स्टेशनजवळ राहायचो. ते खोटं नव्हतं.

दहा वर्षांची, चार फुटांची मुलगी १:८७ मध्ये चौदा मिलिमीटरची होते. मी गणित केलं आणि तिला विचारलं, "तुला ठेवू का तिथे?"

"कोण कोण बघणार आहे हे?"

मी खरं ते सांगितलं. घरी येणारे सगळे बघणार. माझ्या सासरचे बघणार. छंदवाले मित्र बघणार, फोटो काढणार.

"मग नको," ती म्हणाली आणि ताटं घ्यायला लागली.

दोन महिने खड्डा तसाच होता. मी शेडचे दरवाजे केले, पाण्याची टाकी केली, सिग्नलला दिवा बसवला. इंजिन पुढे-मागे चालायला लागलं. खड्ड्यावरून जाताना दर वेळी मला ती जागा मोकळी दिसायची. पण आठवण तिची होती. ती माझ्या बोर्डची शोभा वाढवायला वापरायची की नाही, हे ठरवायचा हक्कही तिचाच होता. मी पुन्हा विचारलं नाही.

एका रविवारी भाजी निवडता निवडता तीच म्हणाली, "एकटीला नाही ठेवायचं. आम्ही सातजणी असायचो."

मी चाकू खाली ठेवला.

"एकटी पोरगी दिसली की लोक हळहळतात. आम्ही काय भीक मागत होतो? काम होतं ते. वाटण्या असायच्या, भांडणं असायची. सातही जणी कर, नाहीतर करू नको."

या छंदात एक संकेत आहे: दृश्यात माणसं कमी ठेवा. एकटी आकृती नजर खेचून घेते. आईला हा संकेत माहीत नव्हता, पण एकटी आकृती बघणाऱ्याकडून काय करवून घेते हे तिला नेमकं माहीत होतं. एक मुलगी म्हणजे कणव. सात म्हणजे पहाटपाळी.

मग तिने सातही जणींची नावं सांगितली. कोण थोराड होती, कोणाच्या काखेत पोर असायचं, कोण चांगला कोळसा हळूच पदराखाली सरकवायची. ती नावं मी बोर्डाच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत. इथे लिहीत नाही. त्यातल्या कुणाला मी विचारलेलं नाही.

बाजारात मिळणाऱ्या आकृत्या बहुतेक कोट-टोपीतल्या. नऊवारीतली, उकिडवी बसलेली बाई त्यांत कुठून असणार? त्यामुळे तारेचा सांगाडा, त्यावर लॅबमधलं मेण, भिंगाखाली कोरायचं आणि ॲक्रिलिकमध्ये ओतायचं. लुगडी टिश्यू पेपरची, गोंदात भिजवून नेसवलेली. या प्रमाणात चेहरा करता येत नाही. नाकासाठी जागाच नसते. जे काही सांगायचं ते बसण्या-वाकण्यातून.

आईची आकृती वाकलेली नाही. ती उभी आहे, जुन्या स्लीपरच्या ढिगावर, तोंड शेडकडे. चौकीदार येतो का हे बघायचं काम तिचं होतं, कारण तिला लांबचं दिसायचं आणि तिचा आवाज मोठा होता. हे मला आईने नाही, मावशीने सांगितलं. मावशी मागच्या महिन्यात आली, चष्मा लावून बोर्डावर वाकली आणि बिनचेहऱ्याच्या चार आकृत्यांपैकी तीन तिने न सांगता ओळखल्या. चौथीबद्दल म्हणाली, "ही अशी बसायची नाही. तिचा एक पाय आखडलेला होता." ती मी पुन्हा केली.

अजून तीन बाकी आहेत. राखेचा ढीगही बाकी होता. त्यासाठी मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून विझलेला कोळसा आणला, कुटला, चाळला आणि स्टीलच्या ताटलीत काढून ठेवला. परवा लॅबमधून परत आले तर आई ती ताटली मांडीवर घेऊन खिडकीत बसली होती. मोहरीएवढे कण होते. ते बोटांच्या टोकांनी उचलून ती दोन ढीग करत होती. जड, चकाकणारे एकीकडे, हलके एकीकडे.

"आई, एवढं बारीक कुणाला दिसणार आहे?"

"पाटीत घालायचेत ना?" ती म्हणाली. "मग हे घे. तिकडचे घेऊ नको, ते पेटत नाहीत."