शंभूराजांचं वय

छत्रपती संभाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांचा भूगोल भीमेच्या काठाशी बांधलेला आहे. वढू बुद्रुक शिरूर तालुक्यात, तुळापूर संगमावर, आणि नदीच्या प्रवाहाबरोबर खाली गेलं की दौंड तालुक्याच्या समोर, पलीकडच्या तीरावर, पेडगावचा बहादूरगड. १६८९च्या १ फेब्रुवारीला संगमेश्वरी पकडलेल्या राजांना याच बहादूरगडावर औरंगजेबापुढे उभं केलं गेलं आणि ११ मार्चला, फाल्गुन अमावास्येला, त्यांचा वध झाला. वरवंड, पाटस, यवतच्या माणसांना ही नावं पाठ्यपुस्तकातून शिकावी लागत नाहीत. पण एक गोष्ट या परिसरातही पुरेशी बोलली जात नाही, ती म्हणजे राजांचं वय. जन्म १४ मे १६५७चा. म्हणजे मृत्यूच्या वेळी बत्तिसावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. समोरचा औरंगजेब सत्तर वर्षांचा होता, मागे राहिलेले पुत्र शाहू सात वर्षांचेही नव्हते. या कथेचा सगळा दाह या आकड्यांत आहे. म्हणून संभाजी साकारणाऱ्या नटाबद्दलचा प्रश्न मला रंगभूषेपुरता वाटत नाही. नटाचं वय दरवर्षी वाढतं, राजांचं वाढत नाही. मग ती भूमिका एका नटाकडे किती काळ राहावी? माझं मत असं की ती नट ऐन भरात असतानाच पुढच्या, तरुण नटाकडे जायला हवी.

पुरावा आपल्याच रंगभूमीवर आहे. वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ साली आलं. मास्टर दत्ताराम शिवाजी महाराज आणि डॉ. काशिनाथ घाणेकर संभाजी. त्याआधी घाणेकरांचं फारसं नाव नव्हतं, त्या एका भूमिकेनं ते घराघरांत पोचले. पुढे १९६६ साली ‘अश्रूंची झाली फुले’ आलं. त्यात घाणेकर कॉलेजातला लाल्या आणि प्रभाकर पणशीकर त्याचे प्राध्यापक विद्यानंद. १९६८च्या ‘इथे ओशाळला मृत्यू’मध्ये घाणेकर पुन्हा संभाजी, तर पणशीकर औरंगजेब. हे दोघेही साधारण एकाच वयाचे. एक सतत तरुण राहिला, दुसरा सतत वडीलधारा. पणशीकरांना त्यांचं वाढतं वय कधी आडवं आलं नाही, उलट प्रत्येक वर्ष त्यांच्या औरंगजेबाच्या अंगी लागलं असतं. घाणेकरांच्या बाबतीत मात्र प्रत्येक वर्ष भूमिकेतून वजा होणार होतं. डॉ. श्रीराम लागू १९७० साली ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर झाले तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते आणि तो म्हातारा नट कुणालाही खोटा वाटला नाही. ‘छावा’ चित्रपटात अक्षय खन्ना पन्नाशीच्या आत असताना सत्तरीचा औरंगजेब होऊ शकले. वय चढवता येतं, उतरवता येत नाही. दाढी पांढरी करता येते, पाठ वाकवता येते, आवाज खोल नेता येतो. पण पायऱ्या एका दमात चढून आलेल्या एकतीस वर्षांच्या माणसाचा श्वास कुठल्याही रंगपेटीत मिळत नाही. ‘द आयरिशमन’ या २०१९च्या चित्रपटात संगणकानं रॉबर्ट डी नीरोंचा चेहरा तरुण केला, तरी त्यांची चाल आणि खांदे म्हाताऱ्याचेच राहिले, आणि प्रेक्षकांना ते लगेच दिसलं.

यावर रंगभूमीची माणसं म्हणतील की रंगमंचावर अंतराची सोय असते. शेवटच्या रांगेतून सुरकुत्या दिसत नाहीत, आवाज आणि आवेश पोचतो. हे खरं आहे, आणि याच सोयीवर बालगंधर्वांनी पन्नाशी ओलांडल्यानंतरही स्त्रीभूमिका केल्या. ‘एकच प्याला’ १९१९ साली आलं तेव्हा त्यांची सिंधू तिशीतल्या नटाची होती. पुढे देह स्थूल झाला, रंगमंचावर स्त्रिया स्वतः उभ्या राहू लागल्या, तरी प्रेक्षकांनी त्यांना त्याच लुगड्यात पाहायचा आग्रह सोडला नाही. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त त्यांनी संत एकनाथ साकारले, तिथे एक वेगळी वाट उघडली होती. ते तिच्यावरून परत फिरले. गाणं अखेरपर्यंत अलौकिक राहिलं, पण त्या गाण्यासाठी लोकांना डोळे मिटून घ्यावे लागत. प्रेमापोटी एखाद्या थोर कलावंताला असं अडकवून ठेवणं हा त्याच्यावरचा अन्याय आहे, असंच मला वाटतं.

शिवाय ते अंतर आता उरलेलंच नाही. मालिकेचा कॅमेरा कपाळाची शीर दाखवतो, आणि मोकळ्या मैदानावरच्या महानाट्यातही बाजूला मोठे पडदे असतात. ज्यांच्या मतदारसंघात वढू येतं ते शिरूरचे खासदार डॉ. अमोल कोल्हे यांचंच उदाहरण घ्या, कारण आजच्या पिढीच्या डोळ्यांसमोर संभाजी महाराज उभे करण्याचं मोठं श्रेय त्यांचं आहे. २००८च्या ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेत ते अठ्ठावीस वर्षांचे असताना शिवाजी महाराज झाले आणि २०१७ ते २०२० या काळात ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ करताना ते सदतिशी ते चाळिशीच्या टप्प्यात होते. तरुण वयात वडील आणि थोराड वयात मुलगा, असा उलटा क्रम. चाळिशी उलटल्यावर ‘शिवपुत्र संभाजी’ या महानाट्यात ते पुन्हा घोड्यावर दिसले. ‘छावा’च्या वेळी विकी कौशल छत्तिशीत होते. २०१९ मध्ये ‘अश्रूंची झाली फुले’ नव्यानं आलं तेव्हा लाल्या झालेले सुबोध भावे त्रेचाळीस वर्षांचे होते. यातल्या कुणाच्याही ताकदीबद्दल शंका नाही. पण आपण भूमिका वयाला नाही, नावाला देतो, हे यातून दिसतं. मग शिरूर-दौंडच्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांना राजे त्यांच्या काकांच्या वयाचे वाटू लागतात. आपल्याहून जेमतेम दहा वर्षांनी मोठ्या माणसानं नऊ वर्षं राज्य राखलं, हे त्यांच्या अंगावर यायचं राहून जातं.

चेहरा बदलायला हवा याचं आणखी एक कारण आहे आणि ते नटाच्या बाजूचं आहे. जयंतीच्या फ्लेक्सवर राजांच्या जागी नटाचा फोटो आता सर्रास दिसतो. श्रद्धा भूमिकेवरून घसरून माणसावर बसते. चिन्मय मांडलेकर ‘फर्जंद’पासून ‘सुभेदार’पर्यंत दिग्पाल लांजेकरांच्या चित्रपटांत शिवाजी महाराज होते. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी ही भूमिका पुन्हा न करण्याचं जाहीर केलं, कारण त्यांच्या मुलाच्या नावावरून कुटुंबाला समाजमाध्यमांवर सोसावं लागलेलं ट्रोलिंग. ते नटाच्या अभिनयाबद्दल नव्हतं, त्याच्या घराबद्दल होतं. एकाच चेहऱ्याला देवत्व चिकटलं की त्या चेहऱ्याच्या माणसाला खाजगी आयुष्य उरत नाही. भूमिका चार-पाच जणांत फिरती राहिली तर लोकांचा नमस्कार राजांपर्यंत पोचतो आणि नट संध्याकाळी मुकुट उतरवून घरी जाऊ शकतो.

निर्माता म्हणेल, नव्या पोराच्या नावावर मैदान भरत नाही. ही अडचण खरी आहे, मंडप, घोडे आणि शेकडो कलाकारांचा खर्च नाव नसताना निघणं कठीण. तरी ‘नटसम्राट’ लागूंनंतर थांबलं नाही. दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ते पेललं आणि प्रत्येकाचा बेलवलकर वेगळा असूनही लोक आले. बाबासाहेब पुरंदरेंचं ‘जाणता राजा’ १९८५ पासून चाललं. संवाद ध्वनिमुद्रित, रंगमंचावरची माणसं बदलत राहिली, आणि गर्दी आली ती महाराजांसाठी. तिकडे पडद्यावरचा जेम्स बाँडही १९६२चाच, ‘रायगडाला’च्याच महिन्यातला. सहा नट झाले, बाँड टिकला. नव्या नटाला वजन नसतं, असं म्हणणाऱ्यांनी घाणेकरांचा तो पहिला संभाजी आठवावा. वजन संहितेतून येतं, तालमीतून येतं, आणि बरोबर उभ्या असलेल्या अनुभवी नटांकडून येतं.

त्या अनुभवी नटांची जागा तिथेच आहे. संभाजी करून झालेल्या नटानं काही वर्षांनी शिवाजी महाराज व्हावं, पुढे सेनापती हंबीरराव मोहिते व्हावं, आणि अंगात बळ असेल तर औरंगजेबही. शिवचरित्रात प्रत्येक वयासाठी माणूस आहे. निर्मात्यांनी जुन्या नटाला निरोपाचा प्रयोग लावून मोकळं करू नये. दोन-तीन वर्षं त्याच्या बरोबरीनं नव्याला आलटूनपालटून उभं करावं, त्याच्याच हातून ती तलवार द्यावी. आणि प्रेक्षकांना एवढीच विनंती आहे की पुढच्या वेळी आपल्या भागातल्या मैदानावर शंभूराजांच्या वेशात एखादा अनोळखी, तिशीही न गाठलेला मुलगा घोड्यावरून आला, तर पहिल्या प्रवेशात त्याची जुन्याशी तुलना करू नका. त्याला पूर्ण प्रयोग द्या.