दोन ठोके

धंद्याने मी फिटर. तीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, त्यामुळे लोखंडातलं आपल्याला कळतं असा माझा समज. मेहुण्याने उरणच्या बाजारातून १२० रुपयांचा घडीचा चाकू आणून पुढ्यात ठेवला, तेव्हा आधी टोक चिमटीत धरून पातं हलवलं. हललं. मिटवून उजेडाकडे धरला, तर पाठीच्या पट्टीशेजारच्या फटीतून खिडकी दिसली. फीलर गेज आणला. ०.३ मिलिमीटरची पट्टी सहज आत! रिव्हेट म्हणजे दोन्ही बाजूंनी ठोकलेला लोखंडी खिळा. "भंगार," म्हणालो, आणि मुलाने दिलेला माझा अडीच हजारांचा चाकू उघडून दाखवला. एका बोटाने उघडतो, कट्‌कन लॉक होतो, पातं केसभर हलत नाही.

मेहुण्याची बोट करंज्याला. जून-जुलैत मासेमारी बंद, बोटी शाकारलेल्या. जाळी दुरुस्त करायला त्याच्याबरोबर मीही बसायचो. नायलॉनचे दोर, ओली वाळू, खारा वारा. स्टेनलेस आहे, गंजणार कशाला, म्हणून मी माझा चाकू नुसता पुसून खिशात टाकायचो. तेरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलं की पोलादावर संरक्षक थर धरतो, हे खरं. पण मिठातला क्लोराइड तोच थर ठिकठिकाणी फोडतो, आणि मुख्यतः अरुंद फटीत, जिथे फडकं पोचत नाही. वरून पातं चकचकीत. आत लॉकच्या पट्टीखाली मीठ-वाळूचा लगदा. जुलैच्या मध्यावर लॉक लागलं ते सुटेना. खोलायला गेलो तर स्क्रू चांदणीच्या खाचेचे आणि तेवढा बारीक पाना पेटीत नाही. दुसराच पाना रेटला नि खाच मीच गोल केली. फिटरने!

मेहुण्याचा चाकू एका रात्रीत तांबूस व्हायचा. पण तो गंज डोळ्यांना दिसायचा, म्हणून रोज निघायचा. संध्याकाळी गोड्या पाण्याच्या बादलीत बुचकळायचा, झटकायचा, वर खोबरेल. मी दोष म्हणून मोजलेल्या त्या फटीतूनच वाळू धुऊन निघायची. पातं फार ढिलं झालं की रिव्हेट लोखंडाच्या तुकड्यावर टेकवून हातोडीचे दोन ठोके. पोलाद मऊ, धार दोन दिवसांत जाते. पण साध्या दगडावर पाच मिनिटांत परत येते.

लॉक नाही, ही माझी तक्रार अजून आहे. एकदा बोटावर मिटला. मेहुणा म्हणाला, "भावजी, पात्याच्या पाठीवर जोर कशाला देता?" फ्रान्सचा ओपिनेल चाकू १८९० पासून शेतकऱ्यांच्या खिशात आहे, त्याला लॉकचं कडं आलं १९५५ मध्ये. म्हणजे ६५ वर्षं तिकडेही बोटं सांभाळूनच कापत होते.

मागच्या महिन्यात बाजारात जाऊन मीही तसलाच एक घेतला. ढिगातले सगळे सारखे नसतात. पाच-सहा परत ठेवले: एकाचं टोक मिटल्यावरही बाहेर राहत होतं, एकाची स्प्रिंग मेलेली, एकाच्या रिव्हेटचं डोकं एका बाजूला कललेलं. पातं थोडं हलतंय का, हे या वेळी पाहिलंच नाही.

अडीच हजारांचा चाकू कपाटात आहे. मुलाचा फोन आला की "रोज वापरतो" म्हणून सांगतो.