खरारा

आमच्या लहानपणी पुणे स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग उभी असे. नाना पेठेत आमच्या वाड्याच्या मागील अंगणात एका टांगेवाल्यांचा तबेला होता. आम्ही मुले त्यांना चाचा म्हणत असू. त्यांचा तांबूस घोडा राजा हा माझा एक गुरूच होता, असे आज म्हणावेसे वाटते.

चाचांचा दिवस पहाटे सुरू होई. प्रथम पाणी, मग गवत आणि त्यानंतर मोजून चंदी. पुढे खरारा. खरारा करताना ते राजाशी अखंड बोलत आणि एक हात सतत त्याच्या अंगावर ठेवीत. घोड्याला जवळजवळ सभोवार दिसते. पण थेट पाठीमागचे मात्र दिसत नाही. मागून गुपचूप आलेला मित्रही त्याला शत्रू वाटतो. शेवटी एकेक खूर उचलून त्यातील खडे काढायचे. "टांगा चाकांवर चालत नाही, खुरांवर चालतो," असे चाचा म्हणत.

१९६८ च्या पावसाळ्यातील गोष्ट. चाचा जेवायला गेले असता मी प्रेमाच्या भरात हरभऱ्याची भरलेली बादली राजापुढे ठेवली. त्याने ती रिकामी केली. सायंकाळी तो वळून वळून स्वतःच्या कुशीकडे पाहू लागला, पायाने जमीन उकरू लागला. अंग घामाने निथळत होते. "याला कोणी काही घातले का?" चाचांनी विचारले. मी "नाही" म्हणालो.

घोड्याला ओकारी करता येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते. दिवसभर थोडे थोडे चरावे, अशीच त्याची घडण. एकदम खाल्लेले धान्य पोटात आंबते, वायू धरतो आणि पोटशुळाने धिप्पाड घोडाही दगावतो. चाचा गार वारा बाधला समजून त्याचे पोट शेकत बसले. राजाचे सारे शरीर खरे सांगत होते. खोटे बोलत होतो तो मी एकटा.

रात्री आठच्या सुमारास मी रडत रडत सारे सांगून टाकले. चाचा मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी पशुवैद्यांना बोलावणे धाडले. नाकावाटे नळी घालून उपचार झाले. मग रात्रभर आम्ही राजाला हळूहळू फिरवीत राहिलो. पहाटे त्याने लीद टाकली, तेव्हा चाचांनी डोळे पुसले.

चार दिवसांनी मी खरारा करायला गेलो, तर राजाने कान मागे पाडले आणि तो बाजूला सरकला. "अजून रागावलाय माझ्यावर," मी म्हणालो.

"राग नाही, बेटा. तुझा हात कापतोय. तू भ्यालास, म्हणून तो भ्याला. आधी श्वास सोड."

मी श्वास सोडला. हळूहळू राजाची मान खाली आली.

पुढे बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याविषयी वाचनात आले. तो खुराचे ठोके देऊन गणिते सोडवी. १९०४ मध्ये नेमलेल्या समितीला त्यात लबाडी आढळली नाही. १९०७ मध्ये ऑस्कर फुंगस्ट यांनी दाखवून दिले की, विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या डोक्याच्या सूक्ष्म हालचालीवरून हान्स थांबत असे. म्हणजे त्याला गणित येत नव्हते. पण माणसाला स्वतःविषयी जे ठाऊक नव्हते, ते त्याला दिसत होते! २०१६ मध्ये इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी घोड्यांना अनोळखी माणसांची छायाचित्रे दाखविली. रागीट चेहरा पाहताच घोड्यांच्या हृदयाचे ठोके अधिक झपाट्याने वाढले. हाच धडा चाचांनी मला खरारा हाती देऊन शिकविला होता.

आता ती टांग्यांची रांग राहिली नाही. पावसाळ्यात शर्यतींचा हंगाम आला की, कॅम्पातील रेसकोर्सजवळ एखादा मोतद्दार घोड्याला चालवीत नेताना दिसतो. मी क्षणभर थांबतो आणि नकळत श्वास सोडतो. रागाच्या भरात घराचा उंबरठा ओलांडतानाही मला चाचांचे शब्द आठवतात. घरातल्यांनाही आपला कापणारा हात कळत असतो; ते कान मागे पाडीत नाहीत, एवढेच.